देन्सियोचं भाषण आणि सिरियाकोचा तराफा

लिबोदानात सगळ्यांची आडनावं ‘र’नं सुरू होतात. स्पॅनिश अमलात कुणा गव्हर्नरसाहेबाच्या डोक्यात आलं, माणसांना आडनावं हवीत. मग आडनावांचं एक जाडजूड पुस्तक छापलं आणि त्याची पानं फाडफाडून गावोगाव वाटली. आमच्या वाट्याला ‘र’चं पान आलं. त्यामुळे इथे भांडतात तेही रेबुएनो आणि रेकातो, आणि लग्नं लावतात तेही रेबुएनो आणि रेकातो. परक्या माणसाला वाटतं, सगळे भाऊबंद. छे! भाऊबंद असते तर कोर्टात भेटले असते. हे कोंबड्यांच्या झुंजीत भेटतात.

त्यातला गौदेन्सियो रेकातो, म्हणजे आमचा देन्सियो, मनिलाच्या पहिल्या असेंब्लीवर निवडून गेला. अमेरिकन नुकतेच येऊन बसले होते आणि आम्हाला राज्य करायला शिकवत होते. त्यासाठी त्यांनी दोन सभागृहं केली. खालचं आपलं, निवडून आलेलं. वरचं बहुतेक त्यांचं, नेमलेलं. खालच्यांनी कायदे करायचे आणि वरच्यांनी ते खुंटीला टांगायचे, अशी कामाची वाटणी होती.

देन्सियोला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याचा विश्वास बसला नसता. तो सभ्य माणूस होता. इतका सभ्य, की कुत्रं आडवं झोपलं असेल तर वळसा घालून जायचा आणि वर त्याला ‘माफ करा’ म्हणायचा. गावातल्या ज्या थोड्या लोकांना मत होतं, त्यांनी त्याला निवडलं ते याच गुणावर. हाच गुण पुढे त्याच्या मुळावर आला.

आता त्याला तिथे जाऊन करायचं काय होतं? एकच. पूल.

नापो नदीच्या अलीकडे लिबोदान, पलीकडे तागास. तागास हे देन्सियोच्या बायकोचं, पेलाहियाचं माहेर. मध्ये बांबूचा तराफा. वेताच्या जाड दोराला धरून माणसं तो ओढत इकडून तिकडे नेत. आबाकाच्या धाग्याचे गठ्ठे, डुकरं, नवऱ्यामुली, पाद्री, सगळे त्याच तराफ्यावरून. तराफ्याचा मक्ता दॉन सिरियाको रेबुएनोकडे. त्याच्या बापाकडे होता, त्याच्या आजाकडे होता. सिरियाको म्हणायचा, “देवानं नदी आमच्यासाठीच सोडली.” आणि असं काही हसून म्हणायचा, की ऐकणाऱ्याला भाडं दिल्यावर उपकार झाल्यासारखं वाटायचं.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी तुफानाच्या दिवसांत पेलाहियाचा बाप गेला. निरोप आला तेव्हा नदी फुगलेली. पेलाहिया काळी ओढणी डोक्यावर घेऊन काठावर आली.

“मानाय पेलाय,” सिरियाको म्हणाला. मानाय म्हणजे ताई, आदरानं. “नदीचा आज भरवसा नाही. दोर तुटला तर तुमचं पाप माझ्या माथी. उद्या जा.”

“उद्या त्यांना पुरलेलं असेल.”

“मग थडग्यापाशी जा. थडगं कुठे पळतंय?”

ती काठावर उभी राहिली. पलीकडे चर्चमधून मेणबत्त्या निघाल्या, माळावरून गेल्या, झाडीत दिसेनाशा झाल्या. पेटी तिला दिसलीच नाही. आणि त्याच दुपारी सिरियाकोचे झुंजीचे दोन कोंबडे वेताच्या टोपल्यांत बसून त्याच तराफ्यावरून तागासला गेले. कोंबड्यांवर नदीचा राग नसावा.

त्यामुळे देन्सियोला लोकांनी उभं केलं तेव्हा पेलाहियानं अट घातली. “जा. पण गेलात तर पूल घेऊन या. नुसते नवे बूट घालून परत येऊ नका.”

तो मनिलाला गेला आणि पहिल्या आठवड्यात नवे बूट घेतले. घ्यावेच लागले. असेंब्लीच्या संगमरवरी दालनात चपला घालून कोण जाणार? बिनोन्दोच्या चिनी शिंप्यानं काळा कोट शिवला, कॉलर अशी ताठ की मान वळवायची तर सगळा माणूस वळायचा. बूट चावायचे. पण देन्सियो खूष होता. भाषण त्यानं आगबोटीतच तयार केलं होतं, चांगल्या घोटीव स्पॅनिशमध्ये, आणि ज्या विधवेच्या घरी तो राहायचा तिथल्या व्हरांड्यात रोज सकाळी मोठ्यानं म्हणायचा. “सन्माननीय अध्यक्ष महाराज! नापो ही नदी नाही, ती भिंत आहे!” विधवेचा पोपट पिंजऱ्यात मान वाकडी करून ऐकायचा.

भाषणाची पाळी आली. देन्सियो उठला, कॉलर सरळ केली. “सन्माननीय अध्यक्ष महाराज! नापो...”

“सन्माननीय सदस्य मला दोन शब्द बोलू देतील काय?” पलीकडून आवाज आला. पंपांगाचे दॉन फुल्हेन्सियो लाकसामाना. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

असेंब्लीत अशी रीत होती, की बोलणाऱ्याची परवानगी असेल तर दुसऱ्याला मध्ये बोलता येतं. परवानगी नाकारताही येत होती. नियमात तसं स्पष्ट लिहिलं होतं. पण पांढरे केस झालेला माणूस भर सभेत हात जोडल्यासारखा विचारतो, आणि त्याला नाही म्हणायचं? देन्सियोच्या आईनं त्याला असं वाढवलं नव्हतं.

“अवश्य, अवश्य. आपण बोला,” देन्सियो म्हणाला आणि खाली बसला.

लाकसामानांचे दोन शब्द जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालले. त्यात रोम होतं, ग्रीस होतं, गांजलेल्या जनतेचे अश्रू होते. नापो नव्हती. पंपांगातलं एक धरण मात्र होतं, आणि ते मंजूर झालं. बाहेर येऊन लाकसामानांनी देन्सियोला मिठी मारली. “केवढा सुसंस्कृत माणूस! आजकाल कोण असं बोलू देतं?”

पुढल्या वेळी कुणा बातांगासच्या गृहस्थांनी दोन शब्द मागितले. त्यापुढल्या वेळी पुन्हा लाकसामाना. बातमी पसरली होती ना! कुणाला अवेळी बोलायची उबळ आली, की तो पाहायचा, रेकातो उभा आहे का. उभा असला की झालं. सगळ्या असेंब्लीत देन्सियोइतका लाडका सभासद नव्हता. आणि ते भाषण अख्ख्या मनिलात एकट्या पोपटानं पुरं म्हटलं. देन्सियो दमून घरी आला की पिंजऱ्यातून आवाज यायचा, “नापो ही नदी नाही!”

“गप रे,” देन्सियो म्हणायचा. “तुला कुणी परवानगी दिली?”

नाताळाच्या सुट्टीत तो लिबोदानला आला. पेलाहियानं अळूची पानं नारळाच्या दुधात मिरच्या घालून शिजवली होती. तिनं वाढलं आणि विचारलं, “बोललात?”

“उभा राहिलो होतो.”

“उभी तर मीही राहिले होते. काठावर.”

देन्सियोनं पाणी मागितलं. मिरची तर त्याला रोजचीच होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दॉन सिरियाको. मागे त्याची बायको, तिच्या हातात नवं बाळ, आणि नोकराच्या काखेत झुंजीचा एक उमदा कोंबडा, भेट म्हणून. सिरियाकोला पाच मुलींवर मुलगा झाला होता.

“मानोय देन्सियो,” मानोय म्हणजे दादा. त्यानं हात धरले. “पोराचं नाव आम्ही ठरवलंय. गौदेन्सियो.”

देन्सियो वितळला. पेलाहियानं ओळखलं आणि स्वयंपाकघरातून भांडं आपटलं.

“आणि त्याचा धर्मबाप तुम्ही. धर्मआई मानाय पेलाय. मी दुसरीकडे विचारणार नाही. सांगून ठेवतो.”

आता हे ज्यांना कळत नाही त्यांना सगळी गोष्टच कळायची नाही. बाप्तिस्म्याला धर्मबाप होशील का, असं विचारल्यावर आमच्याकडे ‘नाही’ म्हणता येत नाही. चोरानं विचारलं तरी नाही. नाही म्हटलं तर पोराचं वाईट होतं, आणि ते नाही म्हणणाऱ्याला लागतं. आणि हो म्हटलं, की पोराचा बाप तुमचा कोंपादरे झाला, तुम्ही त्याचे कोंपादरे, आणि तुमची बायको त्याची कोमादरे. व्याह्याशी भांडता येतं, सख्ख्या भावावर दावा लावता येतो. कोंपादरेच्या वाटेत कुणी उभं राहत नाही. पाप आहे, आणि पापाहून वाईट म्हणजे गावात बोलणी बसतात.

सिरियाको पक्का होता. नदीकाठी तीन पिढ्या बसून त्यानं माणसं वाचली होती. पूल थांबवायला त्याला भाषण नको, वकील नको. एक बाळ पुरे.

“मान आमचा,” देन्सियो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर पेलाहिया बाहेर आली. “कोंबडा कापू का?”

“अगं, झुंजीचा आहे. भेट आहे.”

“झुंजीचा एक तरी घरात आला म्हणायचं.”

बाप्तिस्मा झाला. मेणबत्ती देन्सियोनं धरली, बाळ पेलाहियानं. पोरगं गोड होतं, हे तिला कबूल करावं लागलं. पाणी पडल्यावर रडलं नाही, उलट तिचं बोट घट्ट धरून तिच्याकडे टकमक बघत राहिलं. पेलाहियाला मूलबाळ नव्हतं.

पुढल्या बैठकीला देन्सियोनं निश्चय केला, यंदा कुणालाही शब्द द्यायचा नाही. लाकसामाना आले काय आणि पोप आले काय! पुलाचा ठराव समितीपुढे यायच्या दिवशी तो दालनाच्या दारात पोचला, तर खांबाला टेकून सिरियाको उभा. हातात पिलीच्या बदामांची पुडी.

“कोंपादरे! तुमच्या पुलाला शुभेच्छा द्यायला आलो.”

“तुम्ही? पुलाला?”

“पूल झालाच पाहिजे. मीच म्हणतो. तराफा काय, आज आहे उद्या नाही.” सिरियाकोनं पुडी पुढे केली. “फक्त एक बारीकशी गोष्ट. जागा. तुम्ही घाटापाशी म्हणता, तिथे नदी केवढी रुंद! वरच्या अंगाला, बांबूच्या बेटापाशी बघा, निम्मी आहे. निम्मा पूल, निम्मं काम. साहेब लोकांना हेच आवडतं.”

देन्सियोला बांबूचं बेट माहीत होतं. तिथून पलीकडे उतरलं की पाय पडतो तो सिरियाकोच्या आबाकाच्या बागेत. बागेला चारी बाजूंनी कुंपण. तिथून तागासला वाट नव्हती. होती ती फक्त सिरियाकोच्या गठ्ठ्यांना नदीपार यायला.

“पण कोंपादरे, तिथून लोक जाणार कुठे?”

“पूल तर होऊ दे! लोक काय, पूल दिसला की चालायला लागतात.” मग त्यानं आवाज खाली आणला. “तुमचा नोनोय, आपलं पोरगं, परवा पहिल्यांदा हसला. हुबेहूब तुमच्यासारखा. आई म्हणते, धर्मबापाचे गुण उतरतात.”

देन्सियोनं बदाम तोंडात टाकला आणि आत जाऊन जागा बदलली.

आणि गंमत बघा. ठराव आला, कुणी आक्षेप घेतला नाही. सिरियाको रेबुएनो, प्रतिष्ठित नागरिक, जातीनं येऊन पाठिंबा देतो म्हटल्यावर कोण बोलणार? देन्सियो भाषणाला उभा राहिला तर लाकसामाना म्हणाले, “सन्माननीय सदस्यांनी त्रास घेऊ नये, आम्हा सर्वांना मान्य आहे.” ठराव तसाच वर गेला. वरच्या साहेबांनी शाळांचे ठराव टांगले होते, कोर्टांचे टांगले होते. हा एवढासा पूल, कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून त्यांनी लगेच सही ठोकली. अख्ख्या बैठकीत देन्सियोचं एकच काम झालं, आणि ते व्हायला नको होतं.

त्या संध्याकाळी पोपट म्हणाला, “नापो ही नदी नाही, ती भिंत आहे!” देन्सियोनं पिंजऱ्यावर कोट टाकला.

गावी स्वागताला बँड होता. लोकांनी हार घातले. पेलाहिया अळूची पानं चिरत होती.

“मिळाला पूल,” तो म्हणाला.

“कुठे?”

त्यानं सांगितलं. ती चिरत राहिली. पानं संपली तरी सुरी पाटावर चालूच होती.

“भांड तरी माझ्याशी,” देन्सियो म्हणाला.

“तुमच्याशी भांडायचं म्हणजे आधी तुमची परवानगी काढायची. ती तुम्ही लगेच देणार. मग भांडायला राहिलं काय?”

पूल बांधून व्हायला पुढला उन्हाळा उजाडला. लाकडी, चांगला भक्कम, दोन्ही बाजूंना कठडे. रोज सकाळी देन्सियो लांबून बघून यायचा आणि चिडून परत यायचा. कुणावर चिडायचं ते मात्र त्याला ठरवता येत नव्हतं. सिरियाकोवर चिडावं तर कोंपादरे. लाकसामानांवर चिडावं तर त्यांनी नाताळाला हॅम पाठवलेला. साहेबांवर चिडावं तर त्यांनी मागितलं तेच दिलं. शेवटी तो बुटांवर चिडला आणि ते नदीत फेकले. एक बूट तराफ्याला अडकून परत आला.

उद्घाटन ठरलं. आमच्याकडे पोरालाच नव्हे, नव्या घंटेला, नव्या होडीला, नव्या पुलालाही धर्मआई लागते. ती फीत कापते, पाद्री पाणी शिंपडतो. सिरियाकोनं सगळ्यांदेखत सुचवलं, “पुलाची धर्मआई माझी कोमादरे. दुसरी कोण?” त्याला वाटलं, तेवढीच कोंपादरेची समजूत. पक्क्या माणसांचं असंच असतं. सगळं जमून आलं की त्यांना थोडं उदार व्हावंसं वाटतं.

सकाळी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी सगळा गाव जमला. आख्खं डुक्कर भाजत होतं, बँडवाले माडीचे घोट घेत होते, प्रांताचे गव्हर्नर घाम पुसत होते. पेलाहिया पांढऱ्या झग्यात आली. पोरगं त्याच्या आईकडून तिनं मागून घेतलं आणि कडेवर बसवलं. एका हातात पोर, दुसऱ्यात कात्री. फितीपाशी जाऊन ती थांबली.

“काप ना,” देन्सियो कुजबुजला.

“कोंपादरे सिरियाको,” पेलाहिया म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण बँड थांबला होता. “या पोराची मी कोण?”

“धर्मआई!” सिरियाको खुशीत म्हणाला. “दुसरी आईच!”

“मग माझी आई याची कोण?”

“आजी. विचारायचं काय त्यात?”

“आजी तागासला असते. गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही. दीड वर्षाचं झालं लेकरू, तिनं अजून तोंड पाहिलं नाही याचं.” ती पाद्र्याकडे वळली. “फादर, नातवाला आजीच्या पाया पडू न देणं हे पाप मोठं की बारीक?”

पाद्री म्हातारा होता आणि त्याला ऊन लागत होतं. “मोठं,” तो म्हणाला. “अर्थात मोठं.”

“तर कोंपादरे, आज मी याला आजीकडे नेते. पूल उतरले की समोर तुमचं कुंपण. तिथून वाट द्या. आजच्यापुरती नको. पोर मोठं होणार, दर सणाला आजीकडे जाणार. गाडीवाट द्या.”

कुणी हसलं नाही. कोमादरेनं, पोर कडेवर घेऊन, पाद्र्यासमोर मागितलेलं नाकारता येत नाही. सिरियाकोनं गव्हर्नरांकडे पाहिलं, ते भाजणाऱ्या डुकराकडे बघत होते. त्यानं बायकोकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली होती, पण ओठ मात्र दाबून धरले होते. त्यानं देन्सियोकडे पाहिलं. देन्सियो सवयीनं म्हणाला, “कोंपादरे, आपण बोला.”

सिरियाकोनं टोपी काढली. “वाट कसली मागता, कोमादरे! रस्ता घ्या!”

कात्री चालली. बँड वाजला. कुंपणाचे बांबू त्याच दुपारी निघाले, आणि पेलाहिया पोर घेऊन पायी तागासला गेली. आधी बापाच्या थडग्याशी थांबली, मग आईकडे गेली. महिनाभरात तराफा ओस पडला. दोर कुणीतरी गुरं बांधायला नेला.

इथे गोष्ट संपली असती तर देन्सियोला झोप लागली असती. पण निवडणूक आली. गावात एकच चर्चा. पूल सरकारनं दिला, तो काय, सरकार देतंच. पण स्वतःची बाग तोडून रस्ता कुणी दिला? दॉन सिरियाकोनं! लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मनिलाला पाठवलं. देन्सियोला मतं पडली ती त्याच्या शाळेतल्या वर्गसोबत्यांची, आणि त्यातलंही एक म्हणे चुकून. पुलाला आता सगळे ‘सिरियाकोचा पूल’ म्हणतात. पुलाखालून जाणारे नावाडी म्हणतात, तागासची म्हातारी म्हणते. एकदा तर देन्सियोच्याच तोंडून निघालं. पेलाहियानं ऐकलं आणि त्या दिवशी त्याला गरम चॉकलेटचा पेला दिला नाही.

मनिलाला निघायच्या आदल्या संध्याकाळी सिरियाको निरोप घ्यायला आला. नवे बूट घातले होते, लंगडत होता.

“कोंपादरे, तुम्ही अनुभवी. तिथे वागायचं कसं, सांगा. मला तराफ्यावरची भाषा येते, असेंब्लीतली नाही.”

देन्सियोनं पेल्यात माडी ओतली. मग अगदी मनापासून, धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाला, “काही अवघड नाही. भाषण चांगलं पाठ करा. आणि एक ध्यानात ठेवा. पंपांगाचे दॉन फुल्हेन्सियो म्हणून आहेत. फार मोठा माणूस. त्यांनी दोन शब्द मागितले, तर कधी, कधीही नाही म्हणू नका.”

स्वयंपाकघरात भांडं पडलं. या वेळी ते आपटलेलं नव्हतं. पेलाहिया हसत होती.